धूर कुणाच्या दारात? तीन गाड्यांची तुलना आणि तिच्यातील उणिवा

गेल्या हिवाळ्यात भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द परिसरात एका शाळेचे विज्ञान प्रदर्शन पाहण्याचा योग आला. नववीच्या विद्यार्थ्यांनी ‘उद्याची गाडी’ नावाचा एक तक्ता तयार केला होता. त्यावर तीन गाड्यांची सुबक चित्रे होती आणि प्रत्येकीखाली दोन ओळी लिहिल्या होत्या. डिझेलची गाडी : लिटरला २४ किलोमीटर, प्रदूषण जास्त. हायब्रिड म्हणजे संकरित गाडी : लिटरला २८ किलोमीटर, प्रदूषण मध्यम. विजेची गाडी : एकदा भारित केल्यावर ३१२ किलोमीटर, प्रदूषण शून्य.

आम्ही तक्त्याजवळ उभ्या असलेल्या मुलीला विचारले, “या गाडीला वीज कुठून मिळते?” तिने क्षणभरही न थांबता खिडकीबाहेर बोट दाखवले. “आपल्या धरणातून!”

उत्तर चुकीचे होते, पण विचार करून दिलेले होते. तिच्या शिक्षकांनी नंतर चहा घेताना आम्हाला वेगळाच प्रश्न केला. ते गाडी घेण्याच्या विचारात होते. “तक्ता राहू द्या. या तिन्हींपैकी घ्यावी कोणती, ते सांगा,” असे ते म्हणाले. या लेखात आम्ही त्या तक्त्याचे परीक्षण करणार आहोत. मुलांना दोष देण्याचा हेतू मुळीच नाही. त्यांनी जे लिहिले, तेच गाड्यांच्या माहितीपत्रकांत आणि जाहिरातींत छापलेले असते. दोष आहे तो तुलनेच्या पद्धतीत आणि तो शोधणे हाच विज्ञानाचा चांगला धडा आहे.

आकडे खरे, पण कुठले?

भारतात गाडीचे अधिकृत ‘अॅव्हरेज’ प्रमाणित चाचणीत काढले जाते. ही चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी सर्वांत परिचित म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ‘एआरएआय’ ही संस्था. चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही. तिची चाके मोठ्या रुळांवर फिरतात आणि चालक ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. हे वेळापत्रक सुमारे वीस मिनिटांचे असते आणि त्यात सुमारे साडेदहा किलोमीटर अंतर कापले जाते. सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी तीस-बत्तीसच्या आसपास. वातानुकूलन यंत्र बंद असते. वाऱ्याचा झोत नाही, चढ नाही, खड्डा नाही आणि भंडाऱ्याचा मे महिना तर नाहीच नाही.

अशा चाचणीचा उपयोग नाही, असे आम्ही म्हणत नाही. सर्व गाड्यांना एकच प्रश्नपत्रिका दिली की गुणांची तुलना करता येते. पण वर्गातल्या परीक्षेत मिळालेले गुण म्हणजे आयुष्यातले यश नव्हे. २०२० च्या जानेवारीत बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन विद्युत गाडीचे उदाहरण घ्या. तिच्या विद्युतघटमालेची (बॅटरीची) क्षमता ३०.२ युनिट आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर. भागाकार केला तर १०० किलोमीटरला दहा युनिटही लागत नाहीत. प्रत्यक्ष रस्त्यावर अशा आकाराच्या गाडीला १४-१५ युनिट लागतात. शिवाय घट भारित करताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून घराच्या मीटरवर १६ युनिट धरणे योग्य होईल.

संकरित गाडीचेही तसेच. २०२२ साली आलेल्या मारुतीच्या ग्रँड विटारा संकरित गाडीचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. व्यवहारात २० धरावा. डिझेल गाडीचे २४ हे व्यवहारात १७ च्या आसपास येतात.

संकरित गाडीचा फायदा कुठे होतो, हे समजून घेणेही आवश्यक आहे. तिला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. तिची सारी ऊर्जा पेट्रोलमधूनच येते. ब्रेक लावताना साध्या गाडीची गतिज ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. संकरित गाडीत मोटरच जनित्राचे काम करते आणि त्या ऊर्जेचा काही भाग छोट्या घटात साठवते. सिग्नलला इंजिन बंद होते आणि पुन्हा निघताना मोटर गाडी ओढते. म्हणजे वारंवार थांबण्या-निघण्यात तिचा लाभ आहे. नागपूरच्या सीताबर्डीवर तो भरपूर मिळेल, उमरेड-भिवापूरच्या मोकळ्या रस्त्यावर बराच कमी.

एककांची गफलत

तक्त्यातील दुसरी उणीव विद्यार्थ्यांनाही सहज सापडावी. पहिल्या दोन गाड्यांचे माप ‘लिटरला किलोमीटर’ आहे, तिसरीचे ‘एका भारणात किलोमीटर’. पहिले कार्यक्षमतेचे माप आहे, दुसरे साठ्याचे. मोठी टाकी बसवली म्हणून कोणतीही गाडी काटकसरी होत नाही.

पहिल्या दोघींचीही तुलना सरळ नाही. एक लिटर डिझेल आणि एक लिटर पेट्रोल सारखे नसते. डिझेल अधिक घन असल्याने त्याच्या एका लिटरात सुमारे १० युनिट ऊर्जा असते, पेट्रोलच्या लिटरात सुमारे ८.९ युनिट. जळल्यावर लिटरभर डिझेलपासून सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड निघतो, पेट्रोलपासून २.३ किलोग्रॅम. लिटरभर डिझेलचे वजन ८५० ग्रॅमच्या आत असते, मग त्यातून २.७ किलोग्रॅम वायू कसा निघतो, असा प्रश्न मुले विचारतीलच. त्यांना सांगावे की प्रत्येक कार्बन अणू हवेतले दोन ऑक्सिजन अणू सोबत घेऊन जातो. कार्बनचे १२ आणि ऑक्सिजनचे ३२ मिळून ४४. गणित तिथेच सुटते.

धरणाची वीज की कोळशाची?

आता त्या मुलीच्या उत्तराकडे वळू. गोसीखुर्दच्या इंदिरासागर प्रकल्पाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसवली गेली. वैनगंगेवरील या धरणाच्या पायथ्याशी लहानसे जलविद्युत केंद्रही आहे. पण तिथली वीज तारेने थेट गावात येत नाही. ती राज्याच्या आणि देशाच्या जाळ्यात मिसळते आणि गावाला मिळते ती या मिश्रणातून. अनेक ओढ्यांचे पाणी कालव्यात आल्यावर कोणता थेंब कुठल्या ओढ्याचा, हे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

या मिश्रणात विदर्भाचा वाटा आहे तो मुख्यतः कोळशाचा. कोराडी, खापरखेडा, तिरोडा, मौदा, चंद्रपूर ही नावे आपल्या परिचयाची आहेत. गोसीखुर्दशी अगदी जवळचा संबंध मौद्याचा. राष्ट्रीय औष्णिक ऊर्जा महामंडळाच्या तेथील केंद्राची क्षमता २३२० मेगावॉट आहे आणि त्याला लागणारे पाणी गोसीखुर्दच्या जलाशयातूनच घेतले जाते. म्हणजे त्या मुलीचे उत्तर एका अर्थी बरोबरही होते. वीज धरणातून येते. पण पाणी म्हणून नव्हे, तर कोळशाच्या आगीवर झालेली वाफ म्हणून!

‘प्रदूषण शून्य’ या शब्दांमागची चूक गोसीखुर्दच्या रहिवाशांना समजावून सांगावी लागू नये. नागपूरचे सांडपाणी नाग नदीत जाते, नाग कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला. शेवटी ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात येऊन साठते. शहराच्या दृष्टीने घाण गेली. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच्या दारात आली. विजेच्या गाडीच्या धुराचेही असेच आहे. गाडीच्या मागे नळी नाही म्हणून धूर नाही, हे अर्धेच सत्य आहे. धुराची नळी मौद्याला आहे आणि ती बरीच उंच आहे.

अर्थात अर्धे सत्य म्हणजे असत्यही नव्हे. शहरातील गर्दीच्या रस्त्यावर, नाकाच्या उंचीवर सुटणारा धूर आणि उंच धुराड्यातून दूर सुटणारा धूर यांचा आरोग्यावर सारखा परिणाम होत नाही. शाळेच्या फाटकासमोर विजेची गाडी उभी असेल तर मुलांच्या फुप्फुसांना फायदाच आहे. परंतु कार्बन डाय-ऑक्साइडला गाव नसते. तो कुठेही सुटला तरी साऱ्या पृथ्वीचाच होतो.

शंभर किलोमीटरचा हिशेब

आता तिन्ही गाड्यांना एकाच तराजूत घालू. प्रश्न असा : १०० किलोमीटर जाण्यासाठी एकूण किती कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो? इंधन काढणे, शुद्ध करणे आणि पंपापर्यंत आणणे यासाठी आम्ही ढोबळमानाने २० टक्के भर घालत आहोत.

डिझेल : ५.९ लिटर गुणिले २.७ म्हणजे सुमारे १६ किलोग्रॅम. भर धरून १९.

संकरित : ५ लिटर गुणिले २.३ म्हणजे ११.५ किलोग्रॅम. भर धरून सुमारे १४.

विद्युत : मीटरवर १६ युनिट. वाहिन्या व रोहित्रांतील सुमारे १५ टक्के तूट धरल्यास केंद्रातून जवळजवळ १९ युनिट निघाले पाहिजेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकड्यांनुसार देशातील विजेमागे युनिटला सरासरी ०.७२ किलोग्रॅमच्या आसपास कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो. गुणाकार १३.५ च्या घरात येतो. कोळसा खणणे व वाहणे धरून सुमारे १४.

वाचकांनी हा ताळा स्वतः करून पाहावा. निष्कर्ष असा की आजच्या विजेवर विद्युत गाडी आणि चांगली संकरित गाडी धावताना जवळजवळ बरोबरीत आहेत आणि डिझेल स्पष्टपणे मागे आहे. ‘शून्य, मध्यम, जास्त’ ही तक्त्यातील उतरंड येथे मोडते.

हिशेब मात्र अजून अपुरा आहे. ४० युनिट क्षमतेची घटमाला तयार करताना सुमारे तीन टन कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो असे धरले, तर दीड लाख किलोमीटर धावणाऱ्या गाडीवर तो बोजा १०० किलोमीटरला २ किलोग्रॅम पडतो. गाडी एक लाखच धावली तर ३. म्हणजे जी गाडी नुसती अंगणात उभी राहते, ती विजेची असली तरी महागात पडते. संकरित गाडीच्या घटाची क्षमता जेमतेम एका युनिटाची असल्याने तिथे हा बोजा नगण्य आहे.

दोन अभ्यास, दोन निष्कर्ष

शास्त्रज्ञांतही या विषयावर मतभेद आहेत, असे म्हटले जाते. आयसीसीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ च्या अहवालात असे म्हटले की भारतात विद्युत गाडीचे जन्मापासून भंगारापर्यंतचे उत्सर्जन पेट्रोल गाडीपेक्षा १९ ते ३४ टक्क्यांनी कमी भरते. २०२३ साली कानपूरच्या आयआयटीतील अभ्यासाच्या बातम्या आल्या, त्यांत विद्युत गाडीचे उत्सर्जन संकरित व साध्या गाडीपेक्षा १५ ते ५० टक्क्यांनी जास्त असल्याचे म्हटले होते. मग खरे कोण?

असे दोन आकडे समोर आले की आपण दोन्ही पक्षांचे हेतू तपासू लागतो. त्याआधी गृहीतके तपासावीत. गाडी किती वर्षे आणि किती किलोमीटर धावेल? वीज आजची धरायची की पुढील पंधरा वर्षांत हळूहळू सुधारत जाणारी? गाडीचा खप चाचणीतला की रस्त्यावरचा? आमच्याच हिशेबात युनिटमागचा आकडा ०.७२ ऐवजी ०.६ घातला, तर घटमालेच्या बोजासह विद्युत गाडी संकरितच्या बरोबरीला येते आणि त्याखाली गेला की पुढे जाते. निकाल एका अंकावर इतका अवलंबून असेल, तर तो अंक सांगितल्याशिवाय निकाल सांगणे हे विज्ञान नव्हे.

तो अंक उतरतो आहे का? २०२५ साली देशातील वीजकेंद्रांच्या एकूण क्षमतेचा निम्मा भाग कोळसा, तेल, वायू यांखेरीजचा झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. सौर केंद्र रात्री झोपते, कोळशाचे केंद्र जागे असते. प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा अजूनही सर्वांत मोठा आहे आणि युनिटमागचा आकडा गेली काही वर्षे ०.७ च्या आसपासच रेंगाळला आहे. तरी एक भेद विसरू नये. विद्युत गाडी तिच्या हयातीत अधिक स्वच्छ होऊ शकते, कारण वीज बदलू शकते. आज घेतलेली डिझेलची गाडी पंधरा वर्षांनी अधिक स्वच्छ झालेली नसेल.

डिझेलबाबत आणखी एक गोष्ट. त्याचे इंजिन पेट्रोलपेक्षा काटकसरी असते हे खरे. पण त्याच्या जास्त दाब-तापमानात हवेतील नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक बनतात, शिवाय काजळीचे सूक्ष्म कण. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-६ मानकांमुळे यावर बराच आळा बसला आहे. मात्र २०१५ साली फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्या चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करत असल्याचे अमेरिकेत उघड झाले. चाचणीतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा वेगळा असतो, याचा तो जगाला मिळालेला महागडा धडा होता.

गुरुजींचा प्रश्न

हिशेब कागदावर जुळला तरी व्यवहारात जुळेलच असे नाही. २०१७ च्या मे महिन्यात नागपूरला दोनशे विद्युत वाहनांचा टॅक्सी-प्रयोग मोठ्या उत्साहात सुरू झाला. २०१८ च्या सुरुवातीलाच बातम्या आल्या की भारण केंद्रांवरील लांब रांगांना आणि खर्चाला कंटाळून अनेक चालक गाड्या परत करू पाहत आहेत. रांगेत उभ्या असलेल्या गाडीचा चालक कमाई करत नाही, हा मुद्दा कोणत्याच तक्त्यात नव्हता. पुढे घट सुधारले, केंद्रे वाढली. पण ‘ती कोण, कुठे, किती चालवणार?’ हा प्रश्न आधी विचारायचा असतो, हा धडा कायम आहे.

म्हणून आम्ही त्या शिक्षकांनाच उलट प्रश्न विचारले. घर पवनीला, शाळा १२ किलोमीटरवर. रोज २४ किलोमीटर, महिन्यातून एकदा नागपूर. वर्षाचे झाले सुमारे सात हजार किलोमीटर. पंधरा वर्षांत लाखभर. म्हणजे घटमालेचा बोजा धरून आजच्या विजेवर विद्युत गाडीचे १०० किलोमीटरला १७ किलोग्रॅम, संकरितचे १४, डिझेलचे १९.

“आज शाळेत कशाने आलात?” आम्ही विचारले. ते हसले. “मोटरसायकलने. वीस वर्षे तिच्यानेच येतो.” मोटरसायकल लिटरला ५५ किलोमीटर देत असेल, तर तिचा हिशेब भर धरून १०० किलोमीटरला ५ किलोग्रॅमच येतो. तक्त्यातल्या तिन्ही गाड्यांपेक्षा कमी धूर करणारे वाहन शाळेच्या आवारात कडुलिंबाखाली उभे होते. तक्त्यात मात्र त्याला जागा नव्हती! तुलनेतील सर्वांत मोठी चूक हीच असते. जे विकायचे आहे तेवढेच तक्त्यात येते.

तरीही पावसाळ्यात, आजारपणात, कुटुंबासह दुचाकीवर जाणे धोक्याचे आहे. गाडीची इच्छा चुकीची नाही. तेव्हा आम्ही त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, त्याच रस्त्याने येणाऱ्या सहशिक्षकाला सोबत घ्या. दोघे बसले की डिझेलच्या गाडीचाही वाटा माणशी साडेनऊ किलोग्रॅमवर येतो, म्हणजे एकट्याने चालवलेल्या कोणत्याही गाडीपेक्षा कमी. माणसे वाढवल्याने होणारी बचत इंजिन बदलण्याच्या बचतीपेक्षा मोठी आहे. दुसरी, विजेची गाडी घ्यायची तर दिवसा, उन्हावर भारित करण्याची सोय पाहा. रोजच्या २४ किलोमीटरला चार युनिट लागतात आणि एक किलोवॅटचे सौरपटल आपल्याकडे दिवसाला सरासरी तेवढीच वीज देते. गाडी दिवसा शाळेत असते, म्हणून पटल शाळेच्या छपरावर हवे. तसे झाले तर घटमालेच्या बोजासकट तिचा हिशेब १०० किलोमीटरला चार किलोग्रॅमच्या आसपास येईल आणि मग ती मोटरसायकललाही हरवील. तिसरी, हे जमत नसेल आणि नागपूरच्या फेऱ्या वाढणार असतील, तर संकरित गाडी आज अधिक प्रामाणिक निवड आहे. इतक्या कमी धावेसाठी डिझेल मात्र नको.

पैशाचा हिशेब वेगळा, हेही सांगितले. वीज युनिटला १० रुपये आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले, तर १०० किलोमीटरला विजेचे १६० आणि संकरितचे ५२५ रुपये होतात. हा फरक निसर्गाने केलेला नाही. त्यात इंधनावरील करांचा मोठा वाटा आहे. खिशाला हलके ते पृथ्वीला हलके, असे समीकरण आपोआप होत नाही.

वर्गात करता येईल असे

हा विषय वर्गात घेणाऱ्या शिक्षकांना आमची सूचना आहे की मुलांना उत्तर देऊ नये, कोरा तक्ता द्यावा. त्यात ‘प्रदूषण’ हा रकाना फोडून तीन करावेत : धूर किती, धूर कुठे आणि धूर केव्हा (गाडी बनताना की चालताना). वाहनांच्या यादीत मोटरसायकल, सायकल आणि एसटीही असावी. प्रत्येक आकड्यापुढे तो चाचणीतला की रस्त्यावरचा, हे लिहायला लावावे. मुलांनी आपापल्या घरच्या वाहनाची टाकी भरून, अंतर मोजून, पुन्हा भरून खरा आकडा काढावा. तो माहितीपत्रकातल्या आकड्याशी जुळणार नाही. तो का जुळत नाही, यावर एक तास सहज जाईल.

त्या मुलीने प्रदर्शन संपण्यापूर्वी आपल्या तक्त्यात एक दुरुस्ती केली. ‘प्रदूषण शून्य’ मधला ‘शून्य’ खोडून तिने वर लिहिले : ‘इथे शून्य, मौद्याला आहे’. परीक्षकांनी तिला किती गुण दिले, ते आम्हाला कळले नाही. आमच्या मते त्या प्रदर्शनातील सर्वांत अचूक वाक्य तेच होते.